रविवारी न पाहिलेला पाऊस

कुमुद गेली हे मला नागोठण्याच्या एसटी स्टँडवर कळलं. मी तिच्याकडेच निघाले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला होता, "सिंधू, उद्या ये. भांडायचंय." कशावरून, असं विचारलं तर "ये तर खरी" एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. मी रोह्याच्या गाडीतून उतरून पेणच्या गाडीची वाट बघत उभी होते. हातातल्या पिशवीत तिच्यासाठी घेतलेल्या वालाच्या शेंगा होत्या. तेवढ्यात तिच्या भाचीचा, शैलाचा फोन आला. "मावशी, कुठवर आलात?" आवाजावरूनच मला समजलं. "आत्या गेली हो... सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच मान टाकली." मी "येते" म्हणाले आणि समोर आलेल्या गाडीत चढले. कंडक्टरला सुट्टे पैसेसुद्धा व्यवस्थित मोजून दिले. वाटेतलं गडब गाव मागे पडेपर्यंत मला रडू आलं नाही. मग मात्र शेजारच्या अनोळखी बाईनं स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, इतकं आलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. कुमुद म्हात्रे हे नाव पेणमध्ये तीन पिढ्यांना माहीत आहे, कारण तिनं तीन पिढ्यांना गणित शिकवलं आणि तिन्ही पिढ्या तिला घाबरल्या. पण तिच्या आयुष्यातलं जे काम मला सगळ्यात मोठं वाटतं ते तिनं निवृत्तीनंतर केलं, आणि ते गणिताच्या वर्गात झालंच नाही. ते फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून सांगते.

तिचा जन्म पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला. वडील मिठागरात राबायचे. मिठाचं पीक कडक उन्हावर येतं आणि वैशाखात एक अवेळी सर आली की पांढरी झालेली वाफ्यांतली रास बघता बघता विरघळते. कुमुद सांगायची, "आमच्याकडे पाऊस म्हणजे गाणीबिणी नाय हां. आमच्याकडे पाऊस म्हणजे बाबा ओट्यावर गप बसलेले." त्या घरातली ती पहिली शिकलेली मुलगी. शाळेत इतिहासाशी तिचं कधी जमलं नाही, मराठीच्या बाईंशी तर उघड भांडण होतं. पण आकडा दिसला की ती शांत व्हायची. कुठलीही तारीख सांगा, ती डोळे मिटून मनात काहीतरी करायची आणि वार सांगायची. तो कधी चुकला नाही.

आमची ओळख झाली ती दहावीच्या पेपर तपासणीत. मी रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे, ती पेणला गणित. आम्ही भूगोलवाले शेजारच्या वर्गात बसलो होतो आणि भिंतीपलीकडून एका बाईचा चढा आवाज येत होता. कुणा मुलानं गणित वेगळ्याच रीतीनं सोडवलं होतं आणि नमुना उत्तरात ती रीत नव्हती. मुख्य परीक्षक म्हणत होते, अर्धे गुण द्या. कुमुद म्हणत होती, "उत्तर बरोबर आहे, रीत बरोबर आहे. चुकलाय तो तुमचा नमुना. त्याचे अर्धे गुण कापा." त्या मुलाला पूर्ण गुण मिळाले. दुपारच्या जेवणाला मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले. ती डबा उघडत म्हणाली, "काय गो, भांडण ऐकायला आलीस? ते संपलं." तिथपासून आम्ही चाळीस वर्षं एकमेकींकडे येत-जात राहिलो.

निवृत्तीनंतर आमच्या रोह्याच्या वाचनालयानं एक स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे 'रोह्याचा पाऊस' असा लेख मागितला. मी ओळखीपाळखीनं एका सरकारी कचेरीतून रोह्याच्या आणि पेणच्या जुन्या, रोजच्या पावसाच्या याद्यांच्या झेरॉक्स मिळवल्या. त्यातली बरीच वर्षं आम्ही दोघी फ्रॉक घालून शाळेत जायचो तेव्हाची. मला त्यातून एवढंच हवं होतं की कुठल्या वर्षी जास्त पडला, कुठल्या दिवशी सगळ्यात जास्त पडला. लेख लिहून झाला, तेव्हा बेरजा तपासायला म्हणून तो गठ्ठा मी कुमुदकडे टाकला आणि स्वयंपाकघरात शैलाशी बोलत बसले. तासाभरानं आतून हाक आली. "सिंधू! अगो, तुमच्या रोह्यात रविवारी पाऊस पडत नाय!"

मला वाटलं, थट्टा करते आहे. जाऊन बघते तर तिनं लाल पेन्सिलीनं यादीभर गोल केले होते. भर पावसाळ्यातल्या एका महिन्यात, जेव्हा आमच्याकडे आकाश उघडतच नाही, दर सात दिवसांनी एक शून्य. पुढच्या महिन्यात तसंच. पुढच्या वर्षीही तसंच. ती शून्यं पायऱ्यांसारखी पानावरून खाली उतरत होती, आणि प्रत्येक शून्यावर रविवार होता. त्याच्या पुढच्या घरात, म्हणजे सोमवारी, आकडा भलताच मोठा. सलग नऊ-दहा वर्षं हेच. माझ्या लेखात मी 'सर्वाधिक पावसाचा दिवस' म्हणून अभिमानानं जो दिलेला होता, तोही सोमवारच निघाला. कुमुद खूश झाली होती. "सोपं आहे. मोजणारा शिपाई रविवारी घरी झोपायचा आणि शून्य ठोकून द्यायचा." प्रत्येक महिन्याच्या खाली मोजणाऱ्याचं नाव होतं, स. बा. कदम, शिपाई.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला वाचनालयानं कुमुदलाच बोलायला बोलावलं. हॉल भरला होता. ती बोलायला उभी राहिली की लोकांना मजा यायची, कारण ती कागद बघायची नाही आणि कुणाची भीड ठेवायची नाही. तिनं ती शून्यांची पायरी फळ्यावर काढून दाखवली. लोक हसले. मग तिनं ते नाव वाचलं आणि म्हणाली, "या कदमांनी रोह्याच्या पावसाला दर आठवड्याला सुट्टी दिली. स्वतः पांघरुणात, आणि पाऊस शून्य!" हॉल खदखदून हसला. मीही हसले, हे कबूल करते.

हसणं ओसरलं तेव्हा मागच्या रांगेत एक बाई उभी होती. आमच्याच वयाची, नऊवारी नेसलेली, शेजारी शाळेच्या गणवेशातली नात. वाचनालयाच्या निबंध स्पर्धेत नातीला बक्षीस होतं, म्हणून ती कोलाडहून आली होती. ती म्हणाली, "सखाराम बाळू कदम माजा बाप. तो झोपत नव्हता."

कुमुदला असं कुणी मध्ये थांबवलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. ती सावरून म्हणाली, "मी आकडे सांगते आहे, बाई. आकडे खोटं बोलत नाहीत."

"मंग लिवनारा बोलतो का खोटं? तो आता हाय कुटं सांगायला?"

त्या बाईनं नातीचा हात धरला आणि बाहेर पडली. बक्षिसासाठी मुलीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टेबलावर ते पुस्तक तसंच राहिलं.

परतताना कुमुदनं मला एवढंच विचारलं, "तिचं नाव काय?" मी वाचनालयाच्या चिटणीसांना विचारून सांगितलं. जनाबाई. नंतर तीन दिवस तिचा फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला आणि ती सरळ मुद्द्यावर आली. "सिंधू, मी नीट बघितलं नाही. खोटं लिहिणारा माणूस शून्य कशाला लिहील? आषाढात शून्य म्हणजे कुणाच्याही डोळ्यावर येणार. खोटंच लिहायचं तर तो आपलं बारा, पंधरा, काहीतरी टाकून देईल. शून्य लिहिणाऱ्याला लपवायचं काही नसतं." आणि मग जरा थांबून, "...हे मला उभं राहायच्या आधी सुचायला हवं होतं."

तिनं त्या तीन दिवसांत काय केलं होतं ते मी पेणला गेल्यावर बघितलं. पेणच्या यादीत रविवार शाबूत होते. तिनं पेणचा रविवार आणि सोमवार मिळून होणारा पाऊस काढला आणि तो रोह्याच्या एकट्या सोमवारशेजारी मांडला. अशा दोनशेच्या वर जोड्या, हातानं, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. पेणला दोन दिवसांत धो धो पडला असेल तर रोह्याचा सोमवार मोठा, पेणला भुरभुर तर रोह्याचा सोमवारही लहान. म्हणजे रविवारचं पाणी कुठं गेलं नव्हतं. ते पाऊस मोजायच्या भांड्यात राहत होतं आणि सोमवारी सकाळी साडेआठला हा माणूस ते सगळं, थेंब न सांडता, मोजत होता. "त्यानं पाऊस चोरला नाही गो," कुमुद म्हणाली. "पण रविवारी तो करत काय होता? ते तिलाच विचारायला पाहिजे. चल."

जनाबाईंचं घर कोलाडच्या हमरस्त्यापासून थोडं आत, शेताच्या कडेला. आम्हाला बघून त्यांनी या म्हटलं नाही, पण पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुमुद ओटीवर बसलीही नाही. उभ्यानंच म्हणाली, "मी तुमच्या वडलांबद्दल बोलले ते चुकीचं होतं. ते माझं मला कळलंय. पण अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून आले."

जनाबाईंनी ओटीवरची घोंगडी झटकली. मग म्हणाल्या, "बसा."

हकिगत साधी होती. पाऊस मोजायचं भांडं कचेरीच्या आवारात होतं. आवाराला फाटक, फाटकाला कुलूप, आणि चावी साहेबाकडे. शनिवारी दुपारी साहेब आपल्या गावी जायचा तो सोमवारी यायचा. "बापानं चावी मागितली. एकदा नाय, धा येळा. साहेब म्हनायचा, शिपायाकडं चावी देत नसतात." सखाराम कदमांचं गाव रोह्यापासून तासाभराच्या वाटेवर. तरी दर रविवारी ते डोक्यावर इरलं घेऊन निघायचे. कधीमधी लहानगी जनाही मागे लागून जायची. "फाटकातनं भांडं दिसायचं. बाप गजांना धरून बघत ऱ्हायचा. भरून सांडलं तर काय करू, सांडलं तर काय करू, ह्येच. मंग आमी परत."

"मग कागदावर शून्य का लिहायचे?" कुमुदनं विचारलं.

"शून्य नाय लिवायचा. रेघ मारायचा. मला चांगलं आठवतंय, मी इचारलं व्हतं, ही रेघ कसली? तर म्हनला, बघितलं नाय त्याची."

कुमुदनं माझ्याकडे बघितलं. आमच्या यादीत एकही रेघ नव्हती.

पुढचे दोन महिने आम्ही, जिथून याद्या मिळाल्या होत्या, त्या कचेरीच्या खेपा घातल्या. आमच्याकडे होती ती साफ करून उतरवलेली यादी होती. मूळ कागद निराळे असणार, हे कुमुदनं ताडलं. रेकॉर्डवाल्या कारकुनानं आधी उडवून लावलं, मग कंटाळून एका खोलीचं दार उघडून दिलं. धुळीनं कुमुदचा दमा वाढला. मी म्हटलं, सोड आता, माफी मागून झाली. ती म्हणाली, "माफी मागितली. फेडली कुठं?" शेवटी एका कापडी गठ्ठ्यात ते महिन्याचे छापील तक्ते सापडले. निळी शाई, चौथी शिकलेल्या माणसाचं ठळक, जपून काढलेलं अक्षर. प्रत्येक रविवारच्या चौकटीत एक आडवी लहान रेघ. आणि एका श्रावणातल्या सोमवारी, चौकटीबाहेर, अगदी बारीक अक्षरात, 'दोन दिवसांचे पाणी'. पुढं कधीतरी कुणी टेबलाशी बसून या तक्त्यांवरून सुबक यादी तयार केली आणि रेघांच्या जागी शून्यं लिहिली. वाईट हेतूनं नाही. रिकामी चौकट त्याला बरी दिसली नसेल.

कुमुद तिथंच जमिनीवर बसली. साडीचा विचार न करता. "सिंधू," ती म्हणाली, "पडला नाही आणि पाहिला नाही... केवढा फरक आहे गो. तो शिपाई दर रविवारी एवढं खरं लिहीत होता, आणि मी एक गणिताची बाई असून..." मग उठली आणि कारकुनाला म्हणाली, "झेरॉक्स कुठं मिळेल?"

माफी तिला त्याच हॉलमध्ये मागायची होती. जनाबाई आधी तयार नव्हत्या. "आता कशाला? बोभाटा झाला तो झाला." कुमुद तीनदा कोलाडला गेली. तिसऱ्या खेपेला जनाबाई म्हणाल्या, "येते. पन मी बोलनार नाय." वाचनालयानं पुन्हा कार्यक्रम ठेवला. पहिल्याइतकी गर्दी नव्हती, पण कुमुदनं एक काम केलं होतं. पहिल्या वेळी कोण कोण हजर होतं याची यादी करून तिनं जवळजवळ प्रत्येकाला फोन केला होता. "हसायला आला होतात, आता ऐकायलाही या," असं त्यांना सांगून. त्या दिवशी ती पाच-सात मिनिटंच बोलली. मूळ तक्ता भिंतीवर मोठा करून दाखवला. रेघा दाखवल्या. फाटकाची हकिगत सांगितली. आणि म्हणाली, "त्या दिवशी मी इथं सखाराम बाळू कदम यांचं नाव घेऊन तुम्हाला हसवलं. चूक माझी होती. त्यांच्या रविवारांत खोट काढायला गेले आणि माझ्याच वाचनात खोट निघाली. त्यांच्यासारखं लिहिणं मला साधलं नाही. जे मला ठाऊक नव्हतं, तिथं मी रेघ मारायला हवी होती." कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तेच बरोबर होतं. जनाबाईंच्या नातीला राहिलेलं पुस्तक दिलं गेलं. बोलणार नाही म्हणालेल्या जनाबाई पुढं आल्या, भिंतीवरच्या त्या अक्षराला त्यांनी हात लावला आणि म्हणाल्या, "ह्याचंच हाय."

त्यानंतर कुमुदनं पुरती चार वर्षं या याद्यांना वाहिली. मला आधी माझा लेख दुरुस्त करायला लावला. 'सर्वाधिक पावसाचा दिवस' छापून आलेला खोडायला मला जड गेलं, पण तिनं सोडलं नाही. पुढं पेणच्या यादीतही एक घोळ निघाला. कदमांच्या नंतरची काही वर्षं पेणचा मोठा पाऊस नेमानं रोह्याच्या एक दिवस आधी पडत होता, जणू ढग पेणला मुक्काम करून मग रोह्याला येत होते. मला ते भूगोलाच्या अंगानं फारच पटलं होतं. डोंगर, वारा, असं बरंच काही मी सांगितलं. कुमुद हसली. सकाळी मोजलेलं पाणी रोह्याला त्याच तारखेला मांडत होते आणि पेणला आदल्या, एवढंच होतं ते. पण या वेळी तिनं मूळ तक्ते हातात येईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. एक कोडं मात्र तिला सुटलं नाही. एका पावसाळ्यात रोह्याचे सगळे आकडे सम आहेत, विषम एकही नाही. काचेच्या मापावरच्या एकाआड एक रेषा पुसट झाल्या असाव्यात, असा तिचा तर्क होता. विचारलं तर म्हणायची, "तर्क आहे. माहीत नाही."

दुरुस्त केलेली यादी तिनं स्वतः टाइप करून घेतली, बांधून घेतली आणि एक प्रत रोह्याच्या वाचनालयात, एक पेणला ठेवली. पहिल्या पानावर, मोजणाऱ्यांची नावं. त्यात सगळ्यात वर, संपूर्ण नाव, सखाराम बाळू कदम. एका कॉलेजातले प्राध्यापक ती यादी मागायला आले तेव्हा कुमुदनं त्यांना आधी ते पान वाचायला लावलं. जनाबाई आणि ती मैत्रिणी झाल्या असं म्हणणार नाही. दोघी तशा मिजासखोर. पण कोलाडहून दर वर्षी नव्या भाताचे पोहे यायचे, आणि पेणहून पापडांचा डबा जायचा.

कुमुद गेल्याचं मी जनाबाईंना फोनवर कळवलं. त्या लगेच आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी, दोन गाड्या बदलून, एकट्या पेणला आल्या. मीही त्या दिवशी तिथंच होते. शैलानं त्यांना कुमुदच्या खोलीत बसवलं. टेबल खिडकीपाशी तसंच होतं आणि त्यावर ती बांधलेली यादी. जनाबाईंनी पहिलं पान उघडलं. त्यांना वाचता येतं सावकाश, बोट ठेवून. बापाच्या नावावर बोट थोडं थांबलं, मग खाली सरकलं, पानाच्या शेवटापर्यंत गेलं. पान उलटलं. मागचंही पान पाहिलं.

"ताईंचं नाव कुटं हाय?"

शैला म्हणाली, "आत्यानं घातलं नाही."

मी सांगितलं, की मी म्हटलं होतं तिला. ती म्हणाली, मी काय मोजलं? मी आपल्या बेरजा केल्या.

जनाबाईंनी यादी मिटली. "चार वर्सं घासली ती बाई," त्या म्हणाल्या. "माजा बाप गेला तवा चार मानसांशिवाय कुनाला कळलं नाय. ह्यांचं तसं नको. तुमाला लिवता येतं ना? मंग लिवा. पेपरात लिवा."

चहा घेऊन त्या गेल्या. शैला त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. मी त्या खोलीत एकटी राहिले, तिच्या खुर्चीत बसले आणि कागद पुढं ओढला.

तिचं संपूर्ण नाव कुमुद नारायण म्हात्रे. पेणच्या खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्या घरात जन्मली. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. रोहा आणि पेण या दोन गावांच्या जुन्या पावसाची यादी तिनं दुरुस्त केली.